घटी बसलेली बाई

आठव्या माळेच्या दुपारी रामकिसनच्या अंगणात चपला काढायलाही जागा उरली नव्हती. जऊळक्याहून ऑटो भरभरून येत होते. शिरपूरकडचे लोक एका मोटरसायकलवर तिघे-तिघे बसून आले होते. ऐन सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस. एरवी मजूर मिळत नाही म्हणून मालक कपाळाला हात लावून बसतात. त्या दिवशी मजूरही अंगणात होते आणि मालकही. कारण या वर्षी देवी फोटोत नव्हती की मूर्तीत नव्हती. ती रामकिसनच्या बायकोच्या अंगात येऊन घटी बसली होती.

ओसरीवर गादी, गादीवर वैजयंतीबाई. वय चाळिशीच्या पुढचं. भुवयांपासून केसांपर्यंत कपाळभर लालभडक मळवट. उशाशी घट मांडलेला, त्यातलं धान चांगलं तरारून आलेलं. बाईंनी सहाव्या माळेपासून तोंड उघडलं नव्हतं. अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही, निरंकार उपास. ओठांवर हसू होतं, तेही फक्त उजव्या बाजूनं. आणि सगळ्यात मोठं नवल डाव्या डोळ्याचं. तो मिटतच नव्हता.

"पाहा, पाहा!" हरीओम महाराज गर्दीला सांगत होते. रेशमी कुर्ता, गळ्यात माळांचा भारा, हातात पितळी घंटा. "मानसाचा डोळा घडीघडी लवते. हा लवून राह्यला काय? काहून नाई लवत? कारन हा डोळा मानसाचा नाई! आई जागी हाय. जग पाहून राह्यली. आन तोंड काहून बंद? आईनं मौन धरलं! व्हायब्रेशन हाय हे, व्हायब्रेशन. सायन्सवाल्यायले इचारा, थेबी गप बसतीन."

सायन्सवाली मी दारातच उभी होते आणि खरंच गप्प होते, पण वेगळ्या कारणानं. मी बघत होते.

जवळच्या तांड्यावरचा धरमसिंग पुढे सरकला. त्याची बैलजोडी चोरीला गेली होती. हात जोडून म्हणाला, "माय, माहे बैल सापडतीन काय?"

महाराजांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि घंटा खाडकन वाजवली. त्याच क्षणी वैजयंतीबाईंचं सगळं अंग ताठ झालं. मान मागे गेली, पाठ गादीवरून वर उचलली गेली, दात करकरले. बायकांनी एकदम हात जोडले.

"हो म्हनते आई! सापडतीन!" महाराज ओरडले. "पुढचा!"

पुढच्या माणसानं बोअर खोदू का म्हणून विचारलं. या वेळी महाराजांनी घंटा नुसती वर धरली. आतला लोलक अंगठ्यानं दाबलेला होता. आवाज झाला नाही, बाईंचं अंगही हललं नाही. "आई नाई म्हनते. नको खोदू." माणूस पाया पडून मागे सरला. उत्तर बाईंच्या अंगात नव्हतंच, ते महाराजांच्या अंगठ्याखाली होतं. पण गर्दी बाईंकडे बघत होती, अंगठ्याकडे कोण बघतो?

मी मंजुषा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. मला इथे आणलं ते खुद्द रामकिसननं, आणि तेही चोरून. त्याच दुपारी तो केंद्राच्या मागच्या दारानं आला होता.

"मॅडम, सलाइन तोंडातून तं जात नाई ना?"

"नाही. हातातून जातं."

"मंग त्यानं उपास मोडत नाई." त्याच्या जिवात जीव आला. "मंग घरी येऊन एक लावून देता काय? ऋषीच्या मायच्या पोटात पानी नाई हो. देवी हाय आंगात, मान्य हाय, पन आंग तं तिचंच हाय ना."

मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि एकेक गोष्ट विचारली. आधी जबडा दुखत होता म्हणाला, भाकर चावता येईना. मग तोंड वाकडं झालं. एका दवाखान्यात दाखवलं, तिथे तोंडाचा लकवा सांगितला, गोळ्या दिल्या. मग गोळ्याही गिळता येईनात. मग रंगूबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं, महाराजांना बोलावलं.

"रामकिसनभाऊ, बाई तोंड उघडत नाहीत, की त्यांना उघडता येत नाही?"

"थे तं कोनी इचारलंच नाई," तो म्हणाला.

लकव्यात तोंड वाकडं होतं, पण जबड्याला कुलूप लागत नाही. वाकडं तोंड आणि बंद जबडा एकाच माणसात दिसले, तर डॉक्टरनं खुर्चीवरून उठायचं असतं. मी उठले. स्नायू सैल करणारं इंजेक्शन पिशवीत टाकलं आणि चालक विनोदला रुग्णवाहिका काढायला सांगितलं.

"सायरन लावू नका," मी म्हटलं. "गाव आलं की हॉर्नसुद्धा नाही."

विनोदनं 'रुग्णवाहिका आणि सायरन नाही?' अशा नजरेनं पाहिलं आणि गाडी काढली.

तर मी त्या ओसरीवर चढले. कोणी अडवायच्या आत बाईंच्या उशाशी बसले. नाडी धावत होती, अंग घामानं ओलंचिंब. गालावर बोटं ठेवली तर आतला स्नायू दगडासारखा घट्ट. मी अगदी कानाशी जाऊन हळू म्हटलं, "ताई, मी डॉक्टर आहे. तुम्हाला ऐकू येत असेल तर उजवा डोळा मिटा."

उजवा डोळा मिटला. पुन्हा उघडला, आणि त्यातून पाणी आलं.

खरं सांगते, इतकी वर्षं रोगी पाहून मन घट्ट झालंय असं मला वाटत होतं. तसं काही झालेलं नव्हतं. आत एक शुद्धीवरची बाई होती. तिला सगळं ऐकू येत होतं, सगळं दुखत होतं, आणि बाहेर लोक तिच्याकडे बैल मागत होते.

"हा धनुर्वात आहे," मी उभी राहून म्हटलं. "यांना आत्ताच्या आत्ता वाशिमला न्यायचंय. पुढचा झटका घशाला आला तर श्वास बंद होईल."

महाराज हसले. "धनुर्वात खिळा लागल्यावर होते, एवढं तं लेकरायलेबी मालूम हाय. कुठी खिळा लागला आईले? दाखवा."

लोकांनी माना डोलावल्या. प्रश्न चुकीचा नव्हताच. नवरात्रात बाई अनवाणी होत्या, म्हणून मी आधी तळवे पाहिले. भेगा होत्या, जखम नव्हती. हात पाहिले, कोपरं पाहिली, काही नाही.

"नाई ना सापडत?" महाराजांनी गर्दीकडे पाहिलं. "आन आयका. घट बसला का दसऱ्यापरेंत हलवत नसते. ही तं जित्ती देवी घटी बसली. उद्याच्याले हवन हाय, परवा दसऱ्याले आई आपसूक उठन. आज जो कोनी हलवन, त्याचा वंश बुडन!"

दाराच्या चौकटीला टेकून रंगूबाई बसली होती. हे ऐकून तिनं नातवाचा, ऋषिकेशचा हात घट्ट धरला. तिचा एकुलता एक नातू तो.

मी पुन्हा बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. धनुर्वात बहुतेक वेळा सगळं अंग ताठ करत येतो. पण क्वचित, फार क्वचित, तो चेहऱ्यापासून सुरू होतो आणि चेहऱ्याची एक बाजू चक्क लुळी पाडतो. म्हणूनच तो लकव्यासारखा दिसतो, म्हणूनच चांगले शिकलेले डॉक्टरही चकतात. तसा तो येतो तेव्हा जखम पायाला नसते, डोक्याला नाहीतर चेहऱ्याला असते, आणि जी बाजू लुळी त्याच बाजूला. डावा गाल लुळा होता. डाव्या गालावर काही नव्हतं, कानात काही नव्हतं. राहिलं कपाळ, आणि कपाळ मळवटानं झाकलेलं.

"हा मळवट पुसायचा आहे," मी म्हटलं.

अंगणात एकच गलका उठला. त्या गलक्यानं बाईंचं अंग पुन्हा ताठलं आणि महाराजांनी लगेच बोट दाखवलं. "पाहा, आई कोपली! सवाशिनीचा मळवट पुसाले सांगते ही! तुमच्या लोकायकडे देवच नसते बाई, तुमाले काय समजन आईचं?"

माझं आडनाव आणि माझ्या घरातला बुद्धाचा फोटो या पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हते, तरी राग यायचा तो आलाच. तो गिळला. बाईंच्या ओठांची कड निळसर दिसायला लागली होती आणि भांडायला माझ्याकडे वेळ नव्हता. बाईंना जबरदस्तीनं उचलून नेऊ देईल अशी ती गर्दीही नव्हती. एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या: लोकांचे डोळे उघडायला हवे होते आणि अंगणात शांतता हवी होती. आणि मग लक्षात आलं की दोन्ही एकाच गोष्टीनं होतील.

"बरं," मी म्हटलं. "मीही आईला मानते असं धरा. महाराज, एक प्रश्न विचारा. पण घंटा माझ्याकडे द्या."

"घंटा कायले देऊ?"

"देवी घंटेत आहे की बाईत?"

महाराज काही बोलायच्या आत धरमसिंग म्हणाला, "देऊन टाका ना महाराज. उत्तर तं माय देते. घंटेचं काय एवढं?" त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, बिचाऱ्याला खरंच तसं वाटत होतं. पण अंगण महाराजांकडे बघायला लागलं आणि घंटा माझ्या हातात आली. मी तिचा लोलक रुमालात गुंडाळला.

"आता विचारा. हळू आवाजात. आई काही बहिरी नाही. आणि तुम्ही सगळे अगदी शांत राहा. खोकलासुद्धा नको."

महाराजांनी घाम पुसला आणि स्वतःला सोयीचा प्रश्न निवडला. "आई, या डाक्टरनीले पाप लागन काय?"

सगळे श्वास रोखून बघत राहिले. बाई निश्चल पडून होत्या. गाईच्या गळ्यातली घुंगरंसुद्धा ऐकू यावीत इतकं अंगण शांत झालं. बाईंच्या मानेचा पीळ थोडा सैल पडला, श्वास जरा खोल गेला. महाराजांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. काही नाही.

"नाई म्हनते वाट्टे," मागून कोणीतरी कुजबुजलं. "डाक्टरनीले पाप नाई लागत."

महाराज चिडून आवाज चढवणार, तेवढ्यात आगगाडी आली. रामकिसनच्या घरामागूनच रूळ जातात. पुढच्या फाटकासाठी इंजिनानं लांबलचक भोंगा दिला.

वैजयंतीबाई धनुष्यासारख्या वाकल्या. टाचा आणि डोकं तेवढं गादीवर, बाकी अंग अधांतरी. भोंगा थांबला तरी झटका थांबेना. छाती हलायची बंद झाली, ओठ काळेनिळे पडले. मी पिशवीकडे झेपावले.

त्या भयाण शांततेत धरमसिंगचा आवाज आला. "आता कोनं इचारलं?"

तो ओसरीच्या पायरीशी आला.

"म्या म्हनतो, आता कोनं काय इचारलं? गाडीनं भोंगा देल्ला. माय गाडीले हो म्हनते काय?" तो महाराजांकडे वळला. "अन् मंग माह्या बैलायचं कोनं सांगतलं? आईनं का तुह्या घंटेनं?"

मी शीर शोधत होते. ताठलेल्या हाताला सुई लावणं किती कठीण असतं हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. रामकिसननं हात दाबून धरला. सुई लागली. औषध हळूहळू आत सोडलं. छाती हलेना. मी मनात बाईंना अक्षरशः विनवत होते. मग एक श्वास आला, अडखळत, घरघरत. मग दुसरा.

"उचला," मी म्हटलं. "आता उचला यांना."

एकही माणूस पुढे झाला नाही. महाराजांवरचा विश्वास उडाला होता. वंश बुडण्याची भीती मात्र अजून होती. विश्वास जातो, भीती मागे राहते, आणि असले महाराज जगतात ते त्या भीतीवरच. रामकिसन आईकडे बघत होता.

रंगूबाई उठली. नातवाचा हात सोडून ओसरीवर आली. उशाशी मांडलेला घट तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि बाजूला, भिंतीशी नेऊन ठेवला.

"घट म्या मांडला, म्याच हलवला," ती म्हणाली. "काय होयाचं थे मले होऊ द्या." मग सुनेजवळ बसून तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि मळवट पुसायला लागली. पुसता पुसता तिचा हात डाव्या भुवईच्या वर थांबला.

तिथे जखम होती. लहानशी, वरून सुकलेली, खपलीखाली काळी माती घट्ट बसलेली.

"घटासाठी वावरातून काळी माती आनली होती, शेनखत कालवून," रंगूबाई म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती पण बघत होती सुनेकडे. "टोपलं घेऊन येता येता चौकटीच्या कोयंड्याले लागलं इच्या. रगत थांबेना. म्हटलं, देवीची माती हाय, पवित्र हाय, चिमूटभर दाबली. रगत थांबलं. मंग महाराजायनं मळवट भरला, मी इसरूनच गेलो माय. म्याच लावली. म्याच लावली हो माती."

ती रडायला लागली, तेही पदर तोंडात कोंबून, आवाज न करता. शांतता ठेवायची असते हे तिला कळलं होतं.

धरमसिंग आणि आणखी तिघांनी बाईंना गादीसकट उचललं. गल्लीतून रुग्णवाहिकेपर्यंत माणसं दोन्ही बाजूंना उभी होती, आणि जो बोलायला तोंड उघडी त्याला शेजारचा गप्प करी. विनोदनं दार असं लावलं की मलाही आवाज आला नाही. या सगळ्यात हरीओम महाराज मागच्या दारानं कधी गेले ते कोणी पाहिलं नाही. पुढे गावकऱ्यांनीच त्यांच्याविरुद्ध जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. घंटा पुरावा म्हणून जमा झाली.

वैजयंतीबाई वाचल्या, पण फार थोडक्यात. प्रतिविष दिलं, जखम उघडून माती धुतली, गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी घातली, आणि अंधाऱ्या खोलीत कित्येक दिवस त्यांना औषधांनी झोपवून ठेवलं. आणखी एक दिवस घटी बसल्या असत्या तर दसऱ्याला लोकांनी सोनं वाटलं असतं आणि रामकिसननं सरण रचलं असतं.

थंडी सुरू झाली तेव्हा त्या चालत आमच्या केंद्रात आल्या. धनुर्वात एकदा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो, इंजेक्शनं घ्यावीच लागतात. आधीचं त्यांनी कधी घेतलं होतं? ऋषिकेशच्या वेळी पोटुशी असताना. तो आता कॉलेजात जातो. या जिल्ह्यात मी ज्या ज्या बाईला विचारलं तिचं उत्तर असंच आलं, आणि पुरुषांना तर तेवढंही आठवत नाही. त्या दिवशी रंगूबाईसुद्धा दंड उघडा करून रांगेत बसली होती.

मी बायकांना समजावत होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, शेणखतात असतात. माती देवाची असो की वावरातली, जंतूंना त्याचं काही नसतं. त्यांचं विष नसांना असं पेटवून ठेवतं की साधा आवाज, उजेड, स्पर्श झाला तरी स्नायू आवळतात. घंटा वाजली की अंग वाकायचं ते एवढ्याचसाठी. लुळ्या पडलेल्या बाजूचा डोळा मिटत नाही, दुसरी बाजू ओढली जाते आणि हसल्यासारखी दिसते. बायका मान डोलावत होत्या. आणि माझं बोलणं संपायच्या आत त्यांच्यातलीच एक उठली आणि वैजयंतीबाईंच्या पायाशी वाकली. "माय, तुह्या आंगात आई येऊन गेली. माह्या पोरीचं लग्न कवा जमन, एवढं सांग ना."

वैजयंतीबाईंनी पाय मागे घेतले. नळीमुळे त्यांचा आवाज अजून बसलेला होता, म्हणून सगळ्यांना कान देऊन ऐकावं लागलं.

"आई नोती आली, बाई. मीच होतो तठी. समदं आयकत होतो. कोनी बैल इचारले, कोनी बोअर इचारली. माहा जीव चालला होता, तोंडातून शबद निघत नोता. अंगनभर मानसं होती, पन एकानंबी इचारलं नाई का बाई, तुले काय होऊन राह्यलं?"

ती बाई हळूच उठून आपल्या जागी जाऊन बसली.

वाचणाऱ्यांनो, मीही तुमच्याकडे एवढंच मागते. देव माना, न माना, तो तुमचा प्रश्न. पण घरातलं माणूस अचानक बदललं, जबडा उघडेना, अंग ताठ होऊ लागलं, तर त्याला काही मागू नका. काय होतंय ते त्याला विचारा. उत्तर देता येवो न येवो, लगेच रुग्णवाहिका बोलवा. आणि साध्या जखमेलाही माती, राख, शेण काहीही लावू नका. साबण आणि भरपूर पाण्यानं धुवा, आणि इंजेक्शन घ्यायला या. आमचं दार नवरात्रातही उघडं असतं.